कुठला पाइप कुठे? जुन्या स्पोर्ट्स कारमधली व्हॅक्यूमची चुकलेली जोडणी शोधताना

गाडी आयडलला, म्हणजे एक्सलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, थरथरते. सिग्नलला थांबली की बंद पडते, मोकळ्या रस्त्यावर मात्र झकास पळते. प्लग नवे, कार्बोरेटर साफ केलेला, धुराची टेस्टही (पाइपांत धूर सोडून गळती पाहणं) झाली आणि गळती कुठेच नाही. माझ्या जुन्या दोन सीटांच्या गाडीने मला असे सलग तीन शनिवार-रविवार नाचवले. शेवटी सापडलं ते एवढंच: कार्बोरेटरच्या बुडाशी दोन निपल (पाइप चढवायच्या छोट्या नळ्या), एकमेकांपासून बोटभर अंतरावर, दोन्हींची जाडी सारखी, आणि त्यांवरच्या पाइपांची अदलाबदल झालेली. माझ्याआधी कोणीतरी मोठ्या निगुतीने पाइप बदलले होते. नवेकोरे, घट्ट बसलेले. त्यामुळे गळती शोधणाऱ्या कुठल्याही टेस्टमध्ये ते सापडणं शक्यच नव्हतं.

जुनी गाडी नव्याने हातात घेणाऱ्यांची गल्लत इथेच होते. गळका पाइप आणि चुकीच्या जागी लागलेला पाइप हे दोन वेगळे आजार आहेत. गळती फुसफुसते, धुरात दिसते. चुकलेली जोडणी हवाबंद असते. ती शोधायची तर एकेका पाइपजवळ थांबून पाहावं लागतं की त्यात ओढ (व्हॅक्यूम) कधी असायला हवी आणि प्रत्यक्षात कधी आहे. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीसाठी.

ओढ येते कुठून

थ्रॉटलची झडप बंद असताना पिस्टन हवा ओढू पाहतात आणि ती पुरेशी मिळत नाही, म्हणून झडपेच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत), व्हॅक्यूम तयार होतो. इंजिन गरम आणि तब्येतीने ठीक असेल तर समुद्रसपाटीजवळ आयडलला गेजवर साधारण १७ ते २१ इंच पारा दिसतो. उंचावर राहत असाल तर दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच कमी धरा. थ्रॉटल पूर्ण उघडला की आकडा शून्याजवळ येतो. वेगात असताना एक्सलरेटर सोडला की तो आयडलपेक्षाही वर जातो. इंजिनात कोणी जहाल कॅमशाफ्ट (झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा दांडा) टाकलेला असेल तर आयडलचा आकडा मुळातच कमी आणि डळमळता असतो. त्याला लगेच दोष समजू नका.

आता खरी मेख. इंजिनावर ओढ देणाऱ्या जागा दोन जातींच्या असतात. पहिली मॅनिफोल्डची: झडपेच्या खालची, आयडलला भरपूर ओढणारी. दुसरी पोर्टेड: तिचं भोक झडपेच्या काठाच्या किंचित वर असतं, म्हणून झडप बंद असताना ते आडोशाला राहतं आणि ओढ शून्य. एक्सलरेटर थोडा दाबला की झडपेचा काठ भोकापलीकडे सरकतो आणि ओढ सुरू होते. बाहेरून दोन्ही निपल सारखेच दिसतात. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका या दोघांच्या अदलाबदलीच्या निघाल्या.

कोणाला कुठली ओढ लागते, हेही एकदा डोक्यात बसवून घ्या. ब्रेक बूस्टरला थेट मॅनिफोल्डची, जाड पाइपातून, मध्ये वन-वे व्हॉल्व्हसह. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरला आणि मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरलाही मॅनिफोल्डचीच. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत ईजीआर व्हॉल्व्हला (जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणारा) बहुधा पोर्टेड, कारण आयडलला जळका वायू परत सिलिंडरमध्ये गेला तर इंजिन गुदमरतं. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचं मात्र ठरलेलं नाही. काही कंपन्यांनी त्याला पोर्टेड दिली, काहींनी मॅनिफोल्डची, आणि काही डिस्ट्रिब्युटरच्या डब्यावर दोन निपल असतात: एक टायमिंग पुढे नेणारा (ठिणगी लवकर), एक मागे ओढणारा (ठिणगी उशिरा). ‘अ‍ॅडव्हान्स नेहमी पोर्टेडलाच लावायचा’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर तो त्याच्या गाडीबद्दल बोलतोय.

स्पोर्ट्स कारमध्ये यावर आणखी हौस असते. १९६८ ते १९८२ च्या कॉर्व्हेटचे हेडलाइट व्हॅक्यूमवर उघडतात आणि मिटतातही. दिव्याच्या डब्यावरच्या दोन नळ्या उलट लागल्या की दिवे उघडायच्या वेळी मिटतात. लोटस एलानमध्ये तर चासीचा पुढचा आडवा भागच व्हॅक्यूमची टाकी म्हणून वापरलाय. आणि नव्वदच्या दशकातल्या माझदा आरएक्स-७ च्या ट्विन टर्बोखालचा गुंता जगभर ‘उंदराचं घरटं’ म्हणून ओळखला जातो. उगाच नाही.

काहीही उपटण्यापूर्वी

पहिला नियम कडक आहे: आहे त्या स्थितीचा नकाशा काढल्याशिवाय एकही पाइप काढायचा नाही. चुकीचा असला तरी नाही. ‘हा तर उघडच चुकलाय’ म्हणून आधी उपटलेला पाइप तासाभराने तुमच्या हातात असतो आणि तो कुठून आला ते आठवत नाही.

हाताशी हे असू द्या: व्हॅक्यूम गेज, हाताने चालवायचा छोटा व्हॅक्यूम पंप, मास्किंग टेप, मार्कर, टॉर्च, छोटा आरसा, निपल बंद करायला वेगवेगळ्या मापांच्या रबरी टोप्या, आणि कागद. फोनने फोटो काढाच, पण फोटोवर विसंबू नका. काळ्या पाइपामागे काळा पाइप गेला की फोटोत दोन्हींचा एकच होतो.

प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांना टेपची पट्टी चिकटवून एकच आकडा लिहा. टी-जोड आला तर त्याच्या तीन फांद्या म्हणजे ४क, ४ख, ४ग. कागदावर इंजिनाचं चित्र सुबक नको. चौकोन काढून आत ‘कार्बोरेटर डावी बाजू, वरून दुसरा निपल’ असं लिहिलं की काम झालं. बूच मारलेले निपलही नोंदवा. कोणी जुनी यंत्रणा काढून टाकली असेल तर तिची खूण या बुचांतच सापडते.

इंजिन थंड असताना हे सगळं करा. पुढे चालू इंजिनावर काम आहे, तेव्हा गाडी उघड्या हवेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून. बाह्या सैल नकोत. इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो न सांगता सुरू होतो, हे लक्षात असू द्या.

लपलेल्या पाइपाचा माग कसा काढायचा

पाइप फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळच्या) जुडग्यात शिरतो आणि चार वीत पुढे सहा पाइप बाहेर येतात. त्यातला आपला कुठला? सगळे इथे एक टोक हलवतात आणि दुसऱ्या बाजूला काय हलतं ते बघतात. जुडगा क्लिपांनी बांधलेला असतो, एक हलवला की सगळे हलतात. या पद्धतीने मी एकदा अख्खा नकाशा चुकवलाय.

त्यापेक्षा असं करा. इंजिन बंद. पाइपाचं एक टोक निपलवरून सोडवून त्यात हातपंप लावा. ज्याच्यावर संशय आहे ते दुसरं टोकही सोडवा आणि त्यावर अंगठा दाबून धरा. मदतनीसाला पंप मारायला सांगा. टोक बरोबर असेल तर अंगठ्याची कातडी आत ओढली जाते, पंपाचा काटा १५ इंचांवर जाऊन थांबतो आणि अंगठा उचलताच ‘फुस्’ करून शून्यावर पडतो. काटा चढतच नसेल, तर एकतर टोक दुसरं आहे, पाइप मध्ये फाटलाय किंवा वाटेत टी-जोड आहे. काटा चढला पण अंगठा उचलूनही पडला नाही, तर वाटेत वन-वे व्हॉल्व्ह आहे, पाइप चोंदलाय किंवा तुमच्या हातात भलतंच टोक आहे. जमलेली जोडी कागदावर लिहा, दोन्ही टोकं होती तिथे परत बसवा आणि पुढच्याकडे वळा. एकावेळी एकच.

तोंडाने फुंकून पाहायचा मोह होतो. पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याकडून येणारा पाइप तोंडात धरू नका, आणि जुन्या गाडीत कुठला पाइप तिकडून येतो ते आधी माहीत नसतं. म्हणून पंपच.

स्टिकरवर किती विश्वास ठेवायचा

बॉनेटच्या आत बऱ्याच गाड्यांना व्हॅक्यूमच्या जोडणीची आकृती असलेलं स्टिकर असतं. ते सोन्यासारखं आहे, पण आधी ते त्याच इंजिनाचं आहे का ते बघा. तीसचाळीस वर्षांत अपघातात बॉनेट बदललेलं असू शकतं, इंजिन दुसऱ्या वर्षाचं बसलेलं असू शकतं. मॉडेल आणि वर्ष तेच असूनही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीची जोडणी वेगळी असू शकते. अमेरिकेत विकलेल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक गाड्यांची तर कॅलिफोर्नियासाठी एक आणि बाकी राज्यांसाठी दुसरी अशी मांडणी होती. इंजिन नंबर, वर्ष आणि कुठल्या देशासाठी गाडी बनली हे तिन्ही जुळवून वर्कशॉप मॅन्युअलमधलं पान काढा. दुसऱ्या कोणाच्या गाडीचा फोटो बघून जोडणी करणं शेवटचा पर्याय. त्याचीही कोणीतरी बदललेली असू शकते.

तुमचा नकाशा आणि मॅन्युअलचं पान शेजारी ठेवा. जिथे फरक आहे तिथे लाल खूण. अजून काही बदलायचं नाही.

निपलची जात ओळखणं

इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. संशयाच्या निपलवरचा पाइप काढा, पाइपाच्या मोकळ्या टोकाला बूच लावा आणि निपलवर गेज बसवा. आयडलचा आकडा लिहा. मग हळूच रेस देऊन इंजिन २००० आरपीएमच्या वर न्या आणि पुन्हा बघा.

आयडलला १७-१८ आणि झटका दिला की क्षणभर कोसळून परत वर: मॅनिफोल्ड. आयडलला शून्य आणि रेस दिल्यावर चढतो: पोर्टेड. दोन्ही वेळा काहीच नाही: ती जागा बाहेरच्या हवेची आहे, चोंदली आहे, किंवा वाटेतला एखादा व्हॉल्व्ह अजून उघडलेला नाही.

इथे एक फसवा प्रकार आहे. मॅन्युअल म्हणतं निपल पोर्टेड, आणि आयडलला गेजवर ५-६ इंच दिसतात. ना धड शून्य, ना अठरा. निपल बरोबर असतो. कोणीतरी आयडलचा स्क्रू इतका आत पिळलेला असतो की झडप थोडी उघडीच राहते आणि भोक उघडं पडतं. असा अर्धवट आकडा म्हणजे दुसरीकडे काहीतरी लपवलं जातंय याचा पुरावा आहे. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. कशासाठी लपवलं होतं ते पुढे येतंच.

चूक आणि तिचं लक्षण

ईजीआर मॅनिफोल्डला लागला: आयडल खडबडीत, गाडी बंद पडते, वेगात ठीक. ईजीआरचा पाइप काढून निपलला बूच लावल्यावर आयडल लगेच सुधारलं तर हाच गुन्हेगार. पण व्हॉल्व्ह स्वतःच उघडा अडकला असेल तर पाइप काढूनही फरक पडणार नाही.

प्रेशर रेग्युलेटर पोर्टेडला लागला: आयडलला पेट्रोलचं प्रेशर खाली येतच नाही, मिश्रण जाड (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), एक्झॉस्टला वास. नीट जोडणीत आयडलला रेग्युलेटरचा पाइप काढल्यावर प्रेशर साधारण अर्धा बार वर जायला हवं. आणि त्या पाइपात पेट्रोलचा थेंब दिसला तर जोडणी सोडा, रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. आधी तो बदला, कारण तेच पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये जातंय.

मॅप सेन्सरच्या पाइपात कोणी टी घालून दुसरं काही जोडलं असेल तर ते वेगळं करा. त्या सेन्सरला स्वतःचा स्वतंत्र पाइप हवा.

वाटेतल्या छोट्या चकत्या मात्र भल्याभल्यांना चकवतात. दोन रंगांची, नाण्याएवढी प्लॅस्टिकची चकती पाइपाच्या मधोमध दिसली तर ती डिले व्हॉल्व्ह असण्याची शक्यता मोठी: एका बाजूने हवा मोकळी, दुसऱ्या बाजूने रेंगाळत. डिस्ट्रिब्युटरच्या पाइपात ती उलटी बसली की अ‍ॅडव्हान्स लगेच येतो पण सुटायला वेळ लावतो. एक्सलरेटर दाबताच अ‍ॅडव्हान्स गळून जायला हवा. तो रेंगाळला की चढावर इंजिन टकटक वाजतं. मालक पेट्रोलला शिव्या घालतो. कुठला रंग कुठल्या बाजूला हे कंपनीनुसार बदलतं, म्हणून मॅन्युअल बघा. वन-वे व्हॉल्व्हचं सोपं आहे: ब्रेक बूस्टरच्या व्हॉल्व्हमधून बूस्टरकडून इंजिनाकडे हवा जावी, उलट जाऊ नये. बूस्टरला ओढ पोहोचते का हे गाडीतच कळतं. इंजिन बंद करून पेडल चारपाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. ते जात नसेल तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

पाण्याच्या तापमानावर उघडणारा थर्मल व्हॉल्व्ह दोनदा तपासा, एकदा इंजिन थंड असताना आणि एकदा गरम. थंड इंजिनावर ‘इथे ओढच नाही’ म्हणून पाइप दुसरीकडे जोडणारे बरेच आहेत. तीन तोंडांच्या सोलेनॉइडचंही (विजेवर उघडमीट होणाऱ्या व्हॉल्व्हचं) असंच: एक तोंड ओढीचं, एक कामाचं, एक फिल्टरमधून हवेला. दोन तोंडं बदलली की वीज असो-नसो, पुढच्या भागाला कायम ओढ मिळते किंवा कधीच मिळत नाही.

टर्बो असेल तर वेगळी सावधगिरी. वेस्टगेटच्या, म्हणजे टर्बोचा दाब (बूस्ट) हद्दीत ठेवणाऱ्या झडपेच्या, डब्याकडे जाणारा दाबाचा पाइप चुकीच्या जागी गेला किंवा सुटला, तर वेस्टगेट उघडत नाही, बूस्ट चढत राहतो आणि इंजिन जातं. तो पाइप दोन्ही टोकांना स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय गाडीला बूस्ट देऊ नका. मघाच्या आरएक्स-७ मध्ये नीट जोडणीची खूण बूस्ट गेजवरच दिसते: साधारण १० पीएसआय, ४५०० आरपीएमजवळ दुसरा टर्बो येताना ८ पर्यंत घसरण, पुन्हा १०. दुसरा टर्बो आलाच नाही तर टर्बोला हात लावण्याआधी दाबाची टाकी, व्हॅक्यूमची टाकी आणि त्यांच्यामधले वन-वे व्हॉल्व्ह बघा. तिथे एक व्हॉल्व्ह उलटा बसणं पुरतं.

पाइप बदलताना

जुना पाइप प्लासने ओढू नका. उष्णतेने वाळलेलं रबर निपलला चिकटलेलं असतं, आणि खालचं प्लॅस्टिक त्याहून ठिसूळ. ब्लेडने पाइपाला लांबीच्या दिशेने हलकी चीर द्या, धार निपलला लागू न देता, आणि साल काढावी तसा सोलून काढा. पितळी निपल कार्बोरेटरमधून उपटून हातात आला की दिवस गेला.

नवा पाइप आतल्या मापाने घ्या; जुन्याचं तोंड पसरलेलं असतं, म्हणून माप निपलचं व्हर्नियरने घ्या. साध्या ओढीसाठी सिलिकॉन चालतं, पण जाड भिंतीचं. पातळ सिलिकॉन गरम झालं की ओढीने चपटं होतं. क्रँककेसची तेलकट वाफ आणि पेट्रोलची वाफ नेणाऱ्या पाइपांना सिलिकॉन नकोच. तिथे तेल-पेट्रोल सोसणारं रबर. ब्रेक बूस्टरला त्याच्यासाठी बनवलेला पाइप, दुसरा कुठलाही नाही. आणि ‘कशाला हवंय’ म्हणून ईजीआर किंवा कोळशाचा डबा कायमचा बंद करू नका. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, आणि पुढच्या मालकाचा नकाशा तुम्ही बिघडवता ते वेगळंच.

लाल खुणांपैकी एका वेळी एकच दुरुस्त करा. इंजिन सुरू करा, गेज बघा, नोंद करा, मग पुढची.

दुरुस्तीनंतर गाडी जास्त बिघडली तर

घाबरू नका, बहुतेक वेळा असंच होतं. मी ईजीआर आणि डिस्ट्रिब्युटरचे ते दोन पाइप एकमेकांच्या जागी लावून किल्ली फिरवली आणि आयडल थेट १६०० वर. पहिला विचार हाच की आपणच चुकलो, परत उलटं करूया. पण गेज मॅनिफोल्डवर लावलं तर काटा आधी १३ वर थरथरत असायचा, तो आता १९ वर स्थिर. चुकीच्या जोडणीने गाडी बंद पडत होती म्हणून कोणीतरी आयडलचा स्क्रू पिळून तिला कसंबसं जिवंत ठेवलं होतं. आता ईजीआर मिटला, अ‍ॅडव्हान्स आयडललाही मिळू लागला, आणि पिळलेला स्क्रू उघडा पडला.

म्हणून जोडणी पूर्ण झाल्यावर सगळं नव्याने लावायचं, आणि क्रमाने. आधी इग्निशन टायमिंग. मॅन्युअल सांगत असेल तर अ‍ॅडव्हान्सचा पाइप काढून, त्याला बूच लावून. मग आयडल. मग मिश्रण, आणि त्यानंतर आयडल पुन्हा एकदा, कारण मिश्रण हललं की तेही हलतं. मग पोर्टेड निपलवर परत गेज लावा. आयडलला काटा शून्यावर बसला, की टेपच्या पट्ट्या काढा, दुरुस्त नकाशा स्वच्छ उतरवून इंजिन नंबर आणि तारखेसकट ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा.